तेवीस नंबरचा फोटो

भुईगाव, ता. वसई, जि. ठाणे
९ नोव्हेंबर २००३

चि. देवेंद्र,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी पत्र वाच, मग तुझं तूच ठरव किती लागतील ते.

दिवाळीत तुझा फोन आला. अकरा मिनिटं बोललास, त्यातली नऊ "हॅलो, ऐकू येतंय का" यात गेली आणि उरलेल्या दोन मिनिटांत तू नुसतं "हं, हं" केलंस. फोनवर हं खपतं. कागदावर खपत नाही, म्हणून यापुढे पत्र लिहायचं. मीही लिहिते. अक्षराला हसू नकोस. ते चौथीपर्यंत वाढलं, पुढे वाढलं नाही.

आपल्या इथल्या साप्ताहिकात तुझा फोटो आलाय. "वसईच्या सुपुत्राची आकाशाला गवसणी." तू दुर्बिणीशेजारी उभा आणि दुर्बीण ती केवढी, आमच्या पंपाची मोटर तिच्यापेक्षा मोठी आहे. जयवंतने वीस अंक आणून गावभर वाटले. चुलतभाऊ कसला, त्यालाच जसा मुलगा झालाय. आता जो भेटतो तो विचारतो, "अनसूबाय, भाऊ नेमकं काय करतो?" मी सांगते, आकाशाचे फोटो काढतो. मग पुढचं, "कशाला?" तिथे माझं तोंड बंद होतं आणि माझं तोंड बंद झालेलं मला आवडत नाही हे तुला माहीत आहे.

तर सांग, कशाला? मला कळेल असं लिही, पण लहान मुलाला घास भरवतात तसं नको. माझं शिक्षण कुठे थांबलं ते तुला ठाऊक आहे. चौथीत गुरुजींनी पृथ्वी गोल आहे इथपर्यंत शिकवलं आणि म्हणाले, बाकीचं उद्या. त्याच संध्याकाळी तू जन्मलास, आई गेली, आणि माझा तो उद्या काही उजाडला नाही. पृथ्वी फिरते म्हणतात. मी ऐकून आहे, शिकलेली नाही.

वाडीचं विचारलंस. वाडीचं काय विचारतोस? टँकरवाले दिवसभर गावाचं पाणी उपसून शहराला पाजतात, विहिरीला खारट चव आलीय. बावखलाच्या तळ्यात पाणी कमी नि शेवाळ जास्त. पंप महिन्यातून दोनदा आजारी पडतो. गडी दहाला येतो आणि बाराला त्याला भूक लागते. मी उठले तरी गुडघे उठत नाहीत. थोडक्यात सगळं ठीक.

आता आशीर्वाद.

ताई

*

टूसॉन, अमेरिका
२८ नोव्हेंबर २००३

ती. ताईस सा. नमस्कार.

साप्ताहिकातली दुर्बीण माझी नाही. ती आमच्या इथल्या एका प्राध्यापकांच्या नातीची. जयवंतने घाईने फोटो मागितला, हाताशी होता तो पाठवला. आमची दुर्बीण जमिनीवर नाहीच. ती बसएवढी मोठी आहे आणि आकाशात पृथ्वीभोवती फिरते. (पृथ्वीही फिरते, ताई. तुझा राहिलेला धडा मी इथेच पुरा करून टाकतो.)

काही वर्षांपूर्वी याच दुर्बिणीने आकाशाच्या एका अगदी छोट्या तुकड्याकडे दहा दिवस टक लावून पाहिलं. हात लांब करून बोटावर वाळूचा कण धरला तर तो जेवढं आकाश झाकेल, तेवढाच तुकडा. त्यात हजारो दीर्घिका निघाल्या. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकेक गाव समज. पण एका कणावरून साऱ्या आकाशाबद्दल बोलता येत नाही. तो कण नेमका गर्दीचा निघू शकतो, नाहीतर ओसाड. म्हणून आता नव्या, रुंद नजरेच्या कॅमेऱ्याने आम्ही मोठा पट घेतो आहोत. पौर्णिमेचे नऊ-दहा चंद्र शेजारी शेजारी मांडले तर झाकतील एवढा. एका फोटोत तो मावत नाही. पाच-सहाशे फोटो काढायचे आणि जोडायचे. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोची थोडी कड यावी लागते, म्हणजे जोड कुठे चुकला ते लगेच कळतं.

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश इथे पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. म्हणजे ती दिसते ती तिच्या लहानपणीची. जवळच्या दिसतात त्या मोठ्या झालेल्या. एकच दीर्घिका वाढताना बघायला कुणाला तेवढं आयुष्य नाही. पण सगळ्या वयांच्या एकदम दिसल्या तर त्या कशा वाढल्या, कशा गोळा झाल्या, त्याचा अंदाज बांधता येतो. तू विचारतेस कशाला. कळावं म्हणून, एवढंच उत्तर माझ्यापाशी आहे.

जयवंतने मला वाडीचे दोन फोटो पाठवले. केळी करपलेली, जमीन पांढरी पडलेली. बघून फार वाईट वाटलं. तुझ्या पत्रातही विहीर, पंप, गुडघे. ताई, तुला हे अजून किती वर्षं झेपणार? जयवंत म्हणतो, बोळिंजला त्याच्या ओळखीच्या इमारतीत छान फ्लॅट आहेत. लिफ्ट आहे, नळाला गोडं पाणी आहे. घाई काहीच नाही. नुसता विचार कर.

तुझा
देवेंद्र

*

भुईगाव
१७ डिसेंबर २००३

चि. देवेंद्र,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. तिसऱ्यांदा राग आला.

आधी कळलं त्याचं सांगते. अरे, एवढंच होय? एवढ्यासाठी बसएवढं लोखंड आकाशात नेऊन ठेवलं? राजेळी केळीचं एक झाड कोंबापासून लोंगर धरेपर्यंत बघत बसायला मला तरी कुठे सवड आहे? सकाळी एक फेरी मारते. इथे कोंब फुटलाय, तिथे कमरेएवढं पिल्लू, पुढे केळफूल लोंबतंय, त्याच्या पुढे फण्यांनी लोंगर भरलाय, कडेला कापलेला खुंट. एका फेरीत केळीचा सगळा जन्म बघून होतो आणि मी नाश्त्याला परत. तुझ्या साहेबांनी मला विचारलं असतं तर एका पोस्टकार्डात सांगितलं असतं.

पण एक शंका आहे. माझ्या पिल्लाची राजेळी होते हे मी छातीठोक सांगते, कारण मी ती होताना बघितलीय. तू एकही दीर्घिका वाढताना बघितलेली नाहीस. मग ही लहान आहे तीच वाढून ती मोठी होते, हे कशावरून? लहान आहे ती वेगळ्याच जातीची असली तर? वेलची केळं किती वाढलं तरी त्याचं राजेळी होत नाही. हे तुमच्या सभेत कुणी विचारलंय का? नसेल तर विचार. माझं नाव सांगितलं नाहीस तरी चालेल, नाहीतरी तू सांगणार नाहीस.

पृथ्वी फिरते म्हणून तू कंसात लिहिलंस. कंसातलं मी धरत नाही. गुरुजी फळ्यासमोर उभं राहून, हातात लिंबू घेऊन सांगणार होते. तसं कुणी सांगेल तेव्हा बघू.

आता रागाचं. वाळूच्या एका कणावरून सगळ्या आकाशाबद्दल बोलू नये, हे तूच लिहिलंस ना? आणि पान उलटल्यावर दोन फोटोंवरून आपली वाडी मेली? तुला आकाश पाच-सहाशे फोटो जोडून बघायचं, आणि ज्या वाडीच्या केळ्यांवर तू शिकलास तिला दोन पुरले? तेही जयवंतने काढलेले? जयवंत माणसाचा फोटो काढतो तेव्हा डोकं कापतो. त्याने वाडीचं काय काय कापलं असेल ते तूच बघ.

परवा आला होता. बगलेत जाड जाड कागद. तीन प्रती, एकेकाला पाच पानं.

"अनसूबाय, इथे, इथे आणि इथे सही. नुसती औपचारिकता."

"औपचारिकता म्हणजे काय?"

"म्हणजे तसं काही नाही."

"तसं काही नाही तर सही कशाला?"

"बाय, हक्कसोडपत्र आहे. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहीण भावाला सोडून देते, रीतच आहे. माझ्या तिघी बहिणींनी केलं. एक शब्द बोलल्या नाहीत."

"त्यांना बोलायला तू कधी शिकवलंस?"

मग म्हणाला, देवेंद्र तुला साडी घेणार आहे. मी म्हटलं, रंग कुठला ते विचारून ये. कागद ठेवून गेला. माझ्याकडे आहेत.

एका शब्दात उत्तर पाहिजे. वाडी विकायचं ठरवलंस? हो की नाही?

आशीर्वाद या वेळी अर्धे.

ताई

*

टूसॉन
२० जानेवारी २००४

ती. ताईस सा. नमस्कार.

लहान दीर्घिकेची मोठी होते कशावरून, हा तुझा प्रश्न मी खरंच आमच्या बैठकीत विचारला. एक म्हाताऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, आपल्या सगळ्यांची निम्मी नोकरी याच प्रश्नावर चाललीय. तेव्हा तू फार पुढचं विचारलंस, हे मान्य करतो.

तुझं दुसरं म्हणणं. शास्त्रात एका शब्दात उत्तर देत नाहीत. मी अजून काहीच ठरवलेलं नाही. जयवंत उत्साही आहे, तू मनावर घेऊ नकोस. कागद नुसता तयार असावा, एवढंच. पुढे कधी वेळ आली तर धावपळ नको.

इथे वातावरण बरं नाही. दुर्बिणीचे भाग झिजतात, मग दर काही वर्षांनी अंतराळवीर वर जाऊन ते बदलतात. गेल्या आठवड्यात जाहीर झालं की यापुढे कुणीही जाणार नाही. धोका फार आहे म्हणतात. म्हणजे ती चालेल तितके दिवस चालेल, आणि एक दिवस बंद पडेल. माझ्या कामाची मुदत सप्टेंबरपर्यंत आहे. पुढचं बघू.

तू तब्येत सांभाळ. उगाच त्या खाऱ्या पाण्याशी झगडत बसू नकोस.

तुझा
देवेंद्र

*

भुईगाव
११ फेब्रुवारी २००४

देवेंद्र,

चि. लिहिलेलं नाही. बघ, तुझ्या नजरेत येतं का.

तुझं पत्र ३ तारखेला मिळालं. "काहीच ठरवलेलं नाही" हे वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. मनात आलं, पोरगा घाबरलाय, दुर्बीण म्हातारी झाली म्हणून धीर सुटलाय. याला वाडी धड दाखवली की ताळ्यावर येईल. दोन फोटोंनी बिघडलं, जास्त फोटोंनी सुधारेल. तुझीच पद्धत.

म्हणून मार्सेल फोटोवाल्याला बोलावलं. तो लग्न सोडून कशाला हलत नाही, पण त्याच्या बहिणीच्या लग्नात केळीच्या पानांचा भारा मी दिला होता, ते त्याच्या लक्षात होतं. त्याला पंपाच्या खोलीच्या स्लॅबवर चढवलं, मीही चढले, आणि सांगितलं की इथे मध्ये उभा राहा, एक फोटो काढ, थोडा वळ, दुसरा काढ. मागच्या फोटोची कड पुढच्यात आली पाहिजे.

"अनसूबाय, केळीचा अल्बम करणार काय?"

"तू काढ."

"नवऱ्या मुलीला पन मी एवढे काढत नाय."

"नवरी चार तास टिकते. माझी केळ पन्नास वर्षं उभी आहे. वळ."

पूर्ण एक गिरकी घेतली त्याने. चोवीस फोटो झाले. मोठे धुऊन घेतले. ओटीवर गोधडी अंथरली, त्यावर ओळीने लावले, कड कडेला जुळवत बसले. सगळी वाडी माझ्याभोवती उभी राहिली, रे. या टोकाला कोंब, त्या टोकाला लोंगर. पन्नास वर्षं आत फिरले, पण बाहेरून एकदम अशी कधी बघितली नव्हती. तुझ्या पगाराला थोडं कारण आहे हे त्या वेळी पटलं.

मग चष्मा लावला. आठव्या आणि नवव्या फोटोत पूर्वेचा बांध आहे. निवडुंगाच्या कुंपणापलीकडे, रस्त्याच्या अंगाला, काहीतरी पांढरं. आधी वाटलं बगळे. पण बगळे एका रांगेत, सारख्या अंतरावर, डोक्याला लाल रंग लावून बसत नाहीत. जाऊन बघितलं. मोजणीचे खुंटे. चौदा. त्या बाजूला मी पावसाळ्यापासून पाय ठेवला नव्हता. रोजची फेरी ती रोजची फेरी, तेवढीच वाट. म्हणजे तुला वाळूच्या कणावरून बोलले तेव्हा मीही त्याच कणात होते. हे लिहिलं, आता विसर.

तशीच बोळिंजला जयवंतच्या ऑफिसात गेले. चिखलाच्या पायांनी गेले, त्याची लादी नवी आहे.

"मोजणी कुणी केली?"

"बाय, बस ना. सरबत घे."

"मोजणी कुणी केली?"

"तू गुरुवारी बाजारात होतीस, म्हणून तुला त्रास दिला नाही..."

"त्रास कुणी दिला नाही?"

मग त्याने कपाट उघडलं. कुलमुखत्यारपत्र. देवेंद्रच्या हिश्श्याचे सगळे व्यवहार जयवंत करेल, देवेंद्रची सही, अमेरिकेतल्या वकिलातीचा गोल शिक्का. तारीख ५ जानेवारी.

आता तुझं पत्र काढ. त्यावरची तारीख वाच. २० जानेवारी, काहीच ठरवलेलं नाही.

तू मला लिहिलंस की दूरचं दिसतं ते जुनं असतं, प्रकाशाला वेळ लागतो. बरं. पण तुझ्या त्या दीर्घिका उशिरा का होईना, जे झालं तेच सांगतात. तू उशीर पण करतोस आणि वर खोटं पण सांगतोस. आकाशाकडून एवढं तरी शिकायचं होतंस.

मला फसवायला एवढी खटपट कशाला? समोर येऊन "ताई, मला भीती वाटते, पैसे लागतील" म्हटलं असतंस तर मी तुला दोन थोबाडीत मारून काहीतरी केलं असतं. तू काय केलंस, तर बहिणीला औपचारिकता केलंस. आणि मी कुरकुर करते म्हणजे मला वाडी नको झालीय, हे कुणी सांगितलं तुला? मी कुरकुरते म्हणजे माझा पंप चालू आहे. ज्या दिवशी मी सगळं छान आहे म्हणून लिहीन त्या दिवशी डॉक्टर पाठव.

हक्कसोडपत्राचे कागद जाड, चांगले होते. पंधरा पानं खळीने एकाला एक लावली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळी वाडी चिकटवली. सही मागितली होतीस त्या जागेच्या बरोबर मागे आता पिकलेला लोंगर आहे. गुंडाळी करून रजिस्टरने पाठवली आहे. पोस्टातल्या मुलीने विचारलं, आत काय? मी सांगितलं, औपचारिकता.

आशीर्वाद नाहीत.

अनसूया

*

टूसॉन
२ मार्च २००४

ताई,

गुंडाळी मिळाली. माझ्या खोलीच्या चारही भिंतींना ती पुरली. मध्ये खुर्ची टाकून बसलो की मी पंपाच्या स्लॅबवर असतो. दोन दिवस कुणी आत आलं तरी मी उठलो नाही.

५ जानेवारीची सही माझीच. २० तारखेचं वाक्यही माझंच. दोन्हीच्या मध्ये मी पंधरा दिवस स्वतःला सांगत होतो की मुखत्यारपत्र म्हणजे विकणं नव्हे. मला भीती वाटली. चाळीस वर्षांचा आहे, आठ वर्षांत चौथी तात्पुरती नोकरी, आणि ज्या दुर्बिणीवर पोट आहे तिचं काय होणार हे गेलं वर्षभर कुणालाच सांगता येत नाही. जयवंतने बरोबर त्याच काळात फोटो पाठवले. आणि तुझी पत्रं मी कुरकुरीची म्हणून वाचली. तुला सुटका हवी आहे, अशी मी माझी सोय करून घेतली.

मुखत्यारपत्र रद्द केल्याचा कागद वकिलातीतून शिक्का मारून जयवंतला पाठवला आहे. त्याची प्रत सोबत आहे. तारीख तपासून बघ. साडीचं मी कधीच काही बोललो नव्हतो, हेही लिहून ठेवतो.

आता एक विचारतो. रागावलीस तरी चालेल, नाहीतरी आणखी रागवायला जागा कुठे आहे?

कड जुळली की नाही हे बघणं हाच माझा धंदा आहे. मार्सेलने सारखं सारखं वळून फोटो काढलेत, हात चांगला आहे त्याचा. पण वायव्येला, समुद्राच्या अंगाला, एका ठिकाणी उडी आहे. डाव्या फोटोच्या कडेला नारळाची अर्धी झावळी आहे. उजव्या फोटोत तिचा दुसरा अर्धा भाग नाही. तिथे एकदम बावखलाची पायरी येते. भिंतीवर मोजले. फोटो तेवीस आहेत. तू लिहिलंस चोवीस. डावीकडून मोजत आलं तर नसलेला फोटो तेविसावा.

जयवंतने पाठवलेल्या दोन फोटोंत ती झावळी आहे, ताई. तिचा दुसरा अर्धा भाग.

तेविसाव्या फोटोत काय आहे?

देवेंद्र

*

भुईगाव
२१ मार्च २००४, गुढीपाडवा

चि. देवेंद्र,

चि. परत दिलेलं आहे. प्रतीवरची तारीख तपासली, जयवंतच्या ऑफिसात जाऊन त्याच्या कपाटातल्या कागदाशीही ताडून बघितली. त्याने सरबत विचारलं नाही. पूर्वेचे खुंटे मी उपटले. चौदाही. लाकूड चांगलं आहे, वेलीच्या मांडवाला लावलेत. त्याला म्हटलं, हवे असतील तर येऊन मोजून घे.

तेविसावा फोटो या पत्रात आहे. मी लपवला होता. शेवटी तुझीच बहीण.

गोधडीवर चोवीस मांडले तेव्हा तो मध्येच होता. इकडे हिरवं, तिकडे हिरवं, आणि मध्ये ते पांढरं, जसा तोंडात एक दात नसावा. जयवंतने खोटा फोटो काढला नव्हता. त्याने तोच कोपरा काढला, आणि मी तोच कोपरा काढून टाकला. दोघांचीही कात्री सारखीच चालली. मार्सेल म्हणत होता, "बाय, हा पन लाव, नायतर जोड उघडा पडेल." मी म्हटलं, एवढं कोण बघतो? विसरलेच की माझा भाऊ या एकाच गोष्टीचा पगार घेतो.

खरं ते असं. समुद्राच्या बाजूच्या तीन सऱ्या गेल्यात. पहिली पाच वर्षांपूर्वी गेली, तिसरी गेल्या पावसाळ्यानंतर. विहिरीचं पाणी ओतलं की झाड वरून पिवळं पडत येतं. बावखलाचं ओतलं तर उरलेल्यांना पुरत नाही. जी जागा मेली ती मी रोजच्या फेरीतून गाळली. फेरी त्या अंगाने वळवतच नाही. पूर्वेकडे जात नव्हते ते आळसाने. इकडे जात नव्हते ते भीतीने. मला वाटायचं, तुला हे कळलं तर तू म्हणशील विकून टाक. मी न सांगताच तू तेच म्हणालास, तेव्हा मी आणखीच लपवलं. तू सही लपवलीस, मी कोपरा लपवला. दोघंही एकमेकांना आकाश दाखवत बसलो.

आता काय करायचं ते मी ठरवलंय, विचारत नाही, कळवते. त्या तीन सऱ्यांत नारळ. नारळ खाऱ्या पाण्याला नाक मुरडत नाही. सहा-सात वर्षं लागतील फळ धरायला. मी तेव्हा सत्तावन्नची. कुणी म्हणेल, एवढा उशीर कशाला? त्याला मी तुझ्याकडे पाठवीन, तू त्याला तुझ्या त्या अब्जावधी वर्षांचं सांग. तो आपणहून गप्प होईल.

रोपं आणली आहेत, तीस. खड्डे पावसाआधी व्हायला हवेत. गडी बाराला जेवायला जातो ते अजून तसंच आहे. तुझी दुर्बीण चालू असेतोवर तिचं काम कर, अर्धं टाकून आलास तर घरात घेणार नाही. उरलेले फोटो जोड. कुठे उडी दिसली तर ती झाकू नकोस, आपल्या घरात ती सवय आहे, म्हणून सांगते. आणि सप्टेंबरात तुला कुणी ठेवलं नाही तर अमेरिकेतल्या खोलीत बसून माझ्या केळी बघत राहू नकोस. इथे ये. निम्मी वाडी तुझी आहे, निम्मी माझी, आणि तो मेलेला कोपरा दोघांचा. त्यात कुणी कुणाला काही सोडून द्यायचं नाही.

येताना साडी आण. तू बोलला नसलास तरी जयवंत तुझ्या नावाने बोलून गेलाय, मी ती सोडणार नाही. रंग हिरवा नको, हिरवं इथे पुष्कळ आहे.

आणि पृथ्वी फिरते की नाही ते अजून राहिलंच आहे. स्लॅबवर मी मार्सेलबरोबर गोल फिरले, तेव्हा वाडी जागची हलली नाही, एवढं माझं निरीक्षण. तू वेगळं म्हणत असशील तर पत्रात नको. समोर उभा राहा, लिंबू मी देते.

आशीर्वाद पूर्ण. मागचे राहिलेले त्यातच धर.

ताई